दाराबाहेरची किल्ली

मित्रांनो, किल्लीचं काम काय, असं विचारलं तर तुम्ही म्हणाल, कुलूप लावायचं आणि उघडायचं. मी दीडशे वर्षांची म्हातारी किल्ली आहे, आणि हे काम मी अख्ख्या आयुष्यात पाच वेळासुद्धा केलेलं नाही. तरी माझ्याइतकी कामाची किल्ली आमच्या गल्लीत दुसरी नव्हती. फुशारकी वाटेल, वाटू द्या. आता माझ्याजवळ दुसरं उरलंय काय?

आमचं गाव रोक्कास्पीना, डोंगराच्या माथ्यावर दगडाला दगड टेकवून बांधलेलं. विहिरीच्या गल्लीतल्या निळ्या दारासाठी अन्सेल्मो लोहाराने मला घडवलं. वीतभर लांबी, मुठीला जाणवेल एवढं वजन आणि डोक्याला बदामाचा आकार. बदाम जरा वाकडा झाला म्हणून त्याची बायको हसली, तर तो म्हणाला, "दार काय आरशात बघणार आहे?" तो वाकडेपणा मी आजवर मिरवते आहे.

आमच्याकडची रीत अशी, की किल्ली बाहेरच्या बाजूने कुलपात घालायची आणि तिथेच राहू द्यायची. उन्हाळा असो, बर्फ असो, ती तिथेच. कुलूप लावायचं नाही, दार नुसतं ओढून घ्यायचं. किल्ली दिसली की समजायचं, घरात माणूस आहे, ढकला दार आणि या आत. कुणी घर सोडून गेलं किंवा घरातलं शेवटचं माणूस वारलं, की मगच किल्ली फिरवून काढून घ्यायची. बिनकिल्लीचं दार म्हणजे रिकामं घर. अशा दाराला आमच्याकडे कुणी हात लावत नाही, तसं करणं अशुभ मानतात. हे कुणी कुणाला शिकवत नाही, पोरांना चालता येऊ लागलं की आपोआप कळतं.

मला पहिल्यांदा फिरवलं ते युद्धात. खालून सैनिक चढून येत होते, म्हणून सगळं गाव चेस्टनटच्या रानात लपायला गेलं. घरातल्या धाकट्या एर्सीलियाच्या आजीने मला शालीआड, छातीशी धरून नेलं. बावीस दिवसांनी परत आलो आणि मी पुन्हा कुलपात बसले, तेव्हा एर्सीलियाने टाचा उंचावून माझ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "आता घर जागं झालं." सात वर्षांची होती ती. त्या दिवसापासून मी तिचीच.

गल्लीत तेव्हा अठरा दारं होती आणि अठरा किल्ल्या. मग माणसं खाणीत गेली, कारखान्यांत गेली, समुद्रापलीकडे गेली. कुणी निघालं की आधी ट्रंका बाहेर येत, मग रडणं, आणि सगळ्यात शेवटी तो आवाज, खर्र, टक्. माझ्या एकेका बहिणीला कुणाच्या तरी खिशात नाहीशी होताना मी पाहिलं. म्हणत सगळे, "पुढच्या उन्हाळ्यात येतो." अठरांच्या बारा झाल्या, बारांच्या पाच, आणि शेवटी राहिलो आम्ही दोघी. मी, आणि चार दारं सोडून पलीकडे ओत्ताव्हियाची किल्ली.

एर्सीलियाचा नवरा दुइलियो वारला, मुलगी मिरेल्ला लग्न होऊन खाली शहरात गेली. एर्सीलिया राहिली. पंच्याऐंशी ओलांडली तरी मसूर आणि चण्याचं सूप स्वतः शिजवायची आणि खिडकीतल्या दोरीवर आपला एप्रन स्वतः वाळत घालायची. दुपारी जेवून झोपण्याआधी दार उघडून माझ्याकडे एक नजर टाकायची, एवढंच.

ओत्ताव्हिया तिच्याहून अकरा वर्षांनी लहान, कानाने अधू आणि तोंडाने फटकळ. पावाची गाडी मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी वेशीपर्यंत येते. ओत्ताव्हिया दोघींचा पाव घेऊन वर यायची आणि एर्सीलियाची पिशवी माझ्या वाकड्या बदामाला अडकवायची. सांगितलं नव्हतं का, मी कामाची होते म्हणून?

"एर्सीलिया, जिवंत आहेस ना गं?" ती खालून ओरडायची.

"तुझा तो दगडासारखा पाव चावायला जिवंत राहावंच लागतं!" आतून उत्तर यायचं.

हे वर्षानुवर्षं चाललं होतं. आणि मग गावात पाहुणे यायला लागले.

जुनी डोंगरी गावं बघत फिरणारे हे लोक. एका दिवसात दोन-तीन गावं करायचे. वेशीच्या कमानीखाली उभं राहायचं, माना वर करायच्या, "अहाहा" म्हणायचं, फोटो काढायचे आणि खाली उतरायचं. माझे तर किती फोटो निघाले असतील! निळं दार, गंजकी किल्ली. माझं कौतुक झालं, नाही म्हणत नाही. मलाही ते आवडलं. पण फोटो काढणाऱ्यांपैकी एकानेही कधी दार ढकलून विचारलं नाही, की आत कोण आहे, कसं चाललंय.

त्या गुरुवारी ओत्ताव्हिया आणि एर्सीलिया यांचं माझ्यासमोरच भांडण झालं. मिरेल्ला आईच्या मागे लागली होती, की आता माझ्याकडे चल, तू विसरायला लागलीस. मागच्या महिन्यात एर्सीलियाने सुपात दोनदा मीठ घातलं होतं, तेवढं निमित्त पुरलं होतं.

"जाशील बघ तू," ओत्ताव्हिया म्हणाली. "एक दिवस मुलगी गाडी घेऊन येईल, आणि तू किल्ली काढून चालती होशील. मला सांगणारसुद्धा नाहीस."

"काहीतरीच काय बोलतेस पोरी? गेलेच तर किल्ली तुझ्या हातात देऊन जाईन."

"बघितलीयत मी अशी किल्ली देणारी माणसं!"

"मग जा तिकडे, तुझं तोंड बघायचं नाही मला!"

"नको बघूस!"

चार दारं पलीकडे दार आपटलं. असली भांडणं त्यांची महिन्याला दोन होत. पुढच्या पावाला मिटत.

शुक्रवारी दुपारी सगळं गाव झोपलं होतं. आमच्याकडे जेवणानंतर दोन-तीन तास खिडक्यांची झापं बंद असतात आणि कुत्रंही भुंकत नाही. नेमक्या त्याच वेळी एक जोडपं गल्लीत आलं. उत्तरेकडच्या कुठल्याशा सपाट देशाचं. पुरुष उंच, बायको मागे राहून फोटो काढत होती. त्याने बंद झापं बघितली, सतरा बिनकिल्लीची दारं बघितली, ओत्ताव्हियाची किल्ली वेलीआड होती ती त्याला दिसली नाही. त्याला वाटलं, इथे कुणी राहतच नाही. त्याने मला हलवलं, ओढलं, रुमालात गुंडाळलं आणि खिशात घातलं. न फिरवता! मी किती ओरडले असेन, पण किल्लीचा आवाज कुलपात, खिशात कसला?

चार महिने मी एका काचेच्या बाऊलमध्ये होते. शेजारी शंख-शिंपले, एक तुटकी मूर्ती, कुठल्या कुठल्या गावांचे दगड. घरी येणारे मला उचलायचे, वजन बघायचे, परत ठेवायचे. तिथे मला गंजही चढला नाही, इतकं कोरडं घर. एक दिवस ती बाई फोटो बघत बसली होती. बघता बघता थांबली. फोटोत निळ्या दारावरच्या खिडकीत दोरी होती, आणि दोरीवर एप्रन वाळत होता, ओला. तिने नवऱ्याला हाक मारली. त्यांची भाषा मला कळत नव्हती, पण बायको नवऱ्यावर कशी चिडते हे कळायला भाषा लागत नाही. दुसऱ्या दिवशी मी खोक्यात होते.

रोक्कास्पीनाला पोहोचले तेव्हा थंडी पडली होती. पत्त्यावर फक्त एवढंच लिहिलेलं, "निळं दार, विहिरीची गल्ली". पोस्टमन तुल्लियो मला घेऊन निळ्या दाराशी आलाच नाही. सरळ ओत्ताव्हियाच्या स्वयंपाकघरात गेला.

ओत्ताव्हियाने खोकं उघडलं. मला बघितलं आणि खुर्चीत बसलीच. चिठ्ठी तुल्लियोने वाचली. मोडक्यातोडक्या भाषेत लिहिलं होतं, "निळ्या दाराच्या मालकांस, आम्हाला वाटलं घर रिकामं आहे. मोठी चूक झाली. किल्लीवाचून तुमची फार पंचाईत झाली असेल, दार उघडता आलं नसेल. क्षमा करा."

"दार उघडता आलं नसेल," ओत्ताव्हिया म्हणाली. "ऐकलंस तुल्लियो? अरे, दार उघडंच होतं रे! नुसतं ढकलायचं होतं!"

मग ती बोलत राहिली, आणि माझ्यामागे काय घडलं ते मी ऐकलं.

शनिवारी ती नेहमीसारखी पाव घेऊन वर आली. पिशवी अडकवायला हात पुढे केला, तर किल्ली नाही. "मला वाटलं, गेली. मुलीकडे गेली, मला न सांगता. पाव हातात घेऊन मी उभी राहिले त्या दारासमोर, आणि तिला शिव्या दिल्या रे, मोठमोठ्याने! दाराला हात लावला नाही. बिनकिल्लीचं दार ते, मी कशाला हात लावू? घरी येऊन तिचा पाव कोंबड्यांना घातला. फोन करावासा वाटला. म्हटलं, नाही, गेलीय ना, करू दे तिलाच आधी."

रविवारी दुपारी फोन आला तो मिरेल्लाचा. "मावशी, आई फोन का उचलत नाही?"

"अगं, ती तुझ्याकडे आहे ना?"

"माझ्याकडे? माझ्याकडे कशी असेल?"

एर्सीलिया तळघराच्या पायऱ्यांखाली पडलेली सापडली, मांडी मोडलेली, हातात विझलेली बॅटरी. तळघर डोंगर पोखरून केलेलं, तिथून हाक गल्लीत पोहोचत नाही. पोहोचली असती तरी ओत्ताव्हियाच्या कानांना काय ऐकू जाणार होतं? शुक्रवारी झोपेतून उठल्यावर तिला कुलूप रिकामं दिसलं होतं. तिच्या मनात चोराचा विचारही आला नाही. आमच्या गल्लीत किल्ली चोरणार कोण? तिला वाटलं, आपणच काढून कुठेतरी ठेवली आणि विसरलो. तिने सगळं घर पालथं घातलं, आणि शेवटी मला शोधायला तळघरात उतरली.

इस्पितळात ती सहा दिवस जगली.

"मला जवळ बोलावलं," ओत्ताव्हिया म्हणाली, "आणि कानात काय म्हणाली माहितीये? 'ओत्ताव्हिया, किल्ली मी कुठे ठेवली गं? काही केल्या आठवत नाही. मिरेल्लाला सांगू नकोस हां, नाहीतर म्हणेल, आईचं डोकं गेलं.' हे घेऊन गेली रे ती! आपलं डोकं गेलं असं समजून गेली. आणि मीही तेच समजले. दफनाच्या दिवशी मिरेल्ला रडत म्हणाली, की आईला काही कळत नव्हतं आता, किल्लीसुद्धा हरवून बसली. मी मान हलवली, तुल्लियो. मी हो म्हटलं!"

तुल्लियोने टोपी काढली. म्हणाला, "मिरेल्लाला कळवायचं का?"

"आत्ताच्या आत्ता."

तिने फोन लावला. बहिऱ्या माणसांसारखी ओरडून बोलली, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. पण गल्लीत ऐकायला होतंच कोण? "मिरेल्ला, तुझ्या आईने किल्ली हरवली नव्हती. माझ्या हातात आहे ती. तिचं डोकं ठिकाणावर होतं, ऐकतेस का? शेवटपर्यंत ठिकाणावर होतं!" पलीकडे मिरेल्ला रडायला लागली.

ओत्ताव्हिया मला घेऊन निळ्या दाराशी आली आणि तिने मला माझ्या जागी बसवलं. तुल्लियो दबक्या आवाजात म्हणाला, "मावशी, घर रिकामं आहे. किल्ली ठेवू नये."

"माहितीये मला रीत," ती म्हणाली. "त्या रीतीपायीच मी दार ढकललं नाही. राहू दे तिथे."

तर मित्रांनो, मी आता रिकाम्या घराच्या दारात आहे. बदामाला पावाची पिशवी अडकत नाही. पाहुणे येतात, अजून माझे फोटो काढतात, आणि खिडकीतल्या रिकाम्या दोरीकडे कुणी बघत नाही. ओत्ताव्हिया पाव घेऊन वर येते तेव्हा दर वेळी थांबते, हात पुढे करते आणि दार ढकलते. ते उघडतं. आत कुणी नसतं. मग ती ते ओढून घेते आणि घरी जाते.

तुम्ही कधी आमच्यासारख्या गावात आलात, तर दगड बघा, कमानी बघा, पण दुपारी गाव झोपलेलं दिसलं म्हणून ते मेलंय असं समजू नका. दाराला लावलेलं काही उचलू नका, ते कुणाचं तरी असतं. आणि तुमच्या स्वतःच्या गल्लीत एखाद्या रोजच्या दारात रोजची खूण दिसली नाही, तर रुसून परत फिरू नका. एकदा ढकलून बघा. दार उघडं असेल.