मागाचं शेपूट

पोस्टमास्तर निवृत्त झाले आणि गल्लीतल्या संग्रहालयाचे चिटणीस झाले. संग्रहालय म्हणजे काय, तर विणकरांच्या जुन्या कारखान्याची दीड खोली. भिंतीवर आडवा दोरा नेणारे धोटे टांगलेले, कपाटात रंगाच्या कुप्या, आणि मधोमध त्यांच्या आत्याचा हातमाग. बायको म्हणायची, जन्मभर लोकांच्या चिठ्ठ्या वाटल्या, आता लोकांची अडगळ सांभाळा.

पण त्या मागाची मौज होती. येईल त्याने बसावं आणि एक ओळ विणून जावं. शेजारी स्टुलावर आत्या. कुणी धोटा वेडावाकडा फेकला की तिचा टोला ठरलेला, माशी मारतोस की कापड विणतोस? पाहुणा ओशाळायचा, हसायचा, पुन्हा फेकायचा. असं ते कापड वर्षानुवर्षं सरकत आलं होतं, कुठे घट्ट, कुठे ढिलं, कुठे अगदीच गबाळं. देवाच्या दारी रांगेत जशी सगळी माणसं उभी असतात, तशी त्या कापडात उभी होती. किनारीची वेल तेवढी सगळीकडे सारखी. ती मागातच आहे, असं आत्या म्हणायची.

ताणा, म्हणजे मागावरचे उभे दोरे, संपला की आत्या कापड कापून घेई, पण वीतभर दोरे मागातच लोंबत ठेवी. नव्या ताण्याचा एकेक दोरा त्यांना गाठीने जोडला की झालं. त्या लोंबत्या दोऱ्यांना घरात शेपूट म्हणत. "माग कधी मोकळा करू नये रे ठोंब्या," ती सांगे. "शेपूट धरून नवं कापड आपली वाट आपणच काढतं." पोस्टमास्तरांनी हे पोरवयापासून इतक्यांदा ऐकलं होतं की आता ते कानावरून जाई.

छप्पर गळत होतं, तेही नेमकं मागाच्या डोक्यावर. जुन्या वस्तू जपायला मदत देणाऱ्या एका संस्थेकडे त्यांनी अर्ज केला होता. मागल्या वर्षी तिथून नकार आला, जागा संग्रहालयासारखी वाटत नाही म्हणून. यंदा संस्थेच्या एक बाई स्वतः पाहायला येणार होत्या. पुन्हा नाही म्हणाल्या, तर नगरपालिका खोलीला कुलूप घालणार हे ठरलेलं.

पोस्टमास्तरांनी मनावर घेतलं. मोठ्या शहरातली संग्रहालयं त्यांनी पाहिली होती. तिथे वस्तू कशा चकचकीत, एकट्या, दोरीपलीकडे. आत्या नेमकी लेकीकडे गेलेली. परत येईल तेव्हा चकितच होईल, या हौसेने त्यांनी कापड कापलं, गुंडाळून कपाटात ठेवलं. उरलेलं शेपूट लक्तरासारखं दिसायला लागलं. तेही एकेक दोरा ओढून काढलं आणि केरात टाकलं. लाकडाला तेल चोळलं. पुढे दोरी बांधली, वर पाटी, हात लावू नये. देवघर आवरल्यावर वाटतं तसं त्यांना समाधान वाटलं.

बाई आल्या. सगळं शांतपणे पाहिलं, छपराकडे मान वर करून पाहिलं, मग मागापाशी थबकल्या.

"अर्जातल्या फोटोत यावर कापड होतं ना?"

पोस्टमास्तरांनी हसून कपाटातली गुंडाळी दाखवली.

"मी वाटेत सगळ्यांना सांगत आले," बाई म्हणाल्या, "की आज मीही एक ओळ घालणार."

त्यात काय, आत्या आली की पुन्हा चढवते, असं पोस्टमास्तर म्हणाले, आणि तेव्हा त्यांना ते खरंच वाटत होतं. बाई भल्या होत्या. छपराला मदत मंजूर झाली. नव्या मुलींना विणकाम शिकवायचा जो अर्जाचा दुसरा भाग होता तो त्यांनी तूर्त बाजूला ठेवला. माग चालता झाला की कळवा, म्हणाल्या.

आत्या परतली ती थेट संग्रहालयात. पोस्टमास्तर आनंदाची बातमी सांगतच होते. तिने दोरी उचलून पलीकडे पाऊल टाकलं आणि उभे दोरे ज्यातून जातात त्या रिकाम्या फणीवरून बोटं फिरवली.

"शेपूट कुठाय?"

त्यांनी सांगितलं. ती स्टुलावर बसली. रागावेल, बोल लावेल म्हणून ते वाट पाहत राहिले.

"मी नुसत्या गाठी मारत आले रे," ती म्हणाली. "माझ्या सासूनेही गाठीच मारल्या. वेल उमटायला कुठला दोरा मागाच्या कुठल्या डोळ्यातून ओवायचा ते पहिल्यांदा ज्याने ओवला, त्यालाच माहीत. आम्हाला कधी लागलंच नाही."

तरी तिने करून पाहिलं. कापलेलं कापड मांडीवर घेऊन वेलीवरून बोट फिरवायचं, अंदाजाने दोरे ओवायचे. दृष्टी अधू. पोस्टमास्तर चष्मा लावून शेजारी बसत. साधं कापड उतरलं, पण वेल काही उमटली नाही. थोड्या दिवसांनी आत्यानेच दोरा खाली ठेवला.

आता छप्पर नवं आहे. थेंब गळत नाही. दोरी काढली, पाटीही काढली. लोक येतात, बहुतेक नुसतं पाहतात आणि जातात. आत्या अजून येते, सवयीने स्टुलावर बसते. कुणी साध्या कापडावर धोटा वाकडा फेकला तरी ती काही म्हणत नाही.

परवा निघताना तिने वर पाहिलं. "छप्पर छान झालं हो चिटणीस," म्हणाली, अगदी मनापासून.

पोस्टमास्तर दाराशी उभे राहिले. ती नेहमीसारखं ठोंब्या म्हणेल म्हणून थांबले. ती गल्लीच्या वळणावर दिसेनाशी झाली, तरी थांबलेच.