गिळण्याच्या परीक्षेचा निकाल

भाऊ गिळण्याच्या परीक्षेत पास झाले आणि दवाखान्याच्या पायऱ्या उतरेपर्यंत त्यांनी ती गोष्ट मनातल्या मनात रद्दही केली. ओठांवरची पांढऱ्या औषधाची मिशी पुसली, निकालाचा कागद चार घड्या घालून आतल्या खिशात सरकवला आणि नुसते केस कापून आल्यासारखा चेहरा करून ते घरी आले. घरात विचारणारं कोणीच नसल्यामुळे तो चेहरा फुकट गेला.

पक्षाघातानंतर त्यांचे हातपाय वर्षभरात वठणीवर आले होते. घसा मात्र संपावर गेला होता. प्यायलेलं पाणी गुपचूप फुप्फुसाकडे वळायचं, आणि कहर म्हणजे साधा ठसकाही लागायचा नाही. त्यातून एकदा न्यूमोनिया झाला. तेव्हापासून पाणीसुद्धा पावडर घालून, घट्ट करून, चमच्याने खायचं. ताठ बसायचं, हनुवटी खाली घ्यायची, एकेक घास दोनदा गिळायचा आणि जेवताना अवाक्षर काढायचं नाही.

राखण करायला दुसऱ्या शहरात राहणारी त्यांची मुलगी होती, फोनवर. रोज एक वाजता ती फोन टेबलावर ठेवायला लावी. दर पाच घासांनी भाऊंनी "आऽ" म्हणायचं. आवाज ओलसर आला, म्हणजे घशात काही अडकलं, तर चमचा खाली.

भाऊंचा जन्म सरकारी कचेरीत आवक-जावक विभागात गेलेला. मुलीने काहीही सांगितलं, की ते आवक करून सल्ला ताबडतोब जावक करत. त्यामुळे पूर्वी तिचे फोन "जेवलात?" आणि "जेवलो" यांच्या पलीकडे जात नसत. आता समोरून सल्ला येणं वैद्यकीय कारणास्तव बंद होतं. पहिले काही दिवस तिने पेपर वाचून दाखवला. मग पेपर संपला आणि ती स्वतःबद्दल बोलू लागली. साहेब कसा खेकसतो. लिफ्टमध्ये एकटीला कशी धडधड होते. एकदा म्हणाली, दोन वर्षं झाली, नवरा वेगळ्या खोलीत झोपतो.

भाऊंचा चमचा हवेतच राहिला होता.

"आऽ," ते म्हणाले होते.

"आवाज स्वच्छ आहे," ती म्हणाली होती. "घ्या पुढचा घास."

आजही एकला फोन वाजला तेव्हा भाऊ पाण्यात पावडर ढवळत होते.

"काय ढवळताय, भाऊ?"

"पाणी."

"दवाखान्यातून मला मेसेज आलाय सकाळीच. पास झालात तुम्ही. साधं पाणी चालेल. बोलत जेवलात तरी चालेल."

"त्यांचं काय, ते कोणालाही पास करतात."

ती हसली, मग तिने नाक ओढलं. "ऑफिसच्या जिन्यात बसून रडले मी. बरं, आता तुम्ही बोला. वर्षभर मीच बडबडतेय."

भाऊंनी पेला बाजूला सारला. त्यांनी घसा खाकरला. तोही आज अगदी वेळेवर खाकरला गेला.

"ते... वेगळ्या खोलीचं काय झालं?"

पलीकडे कुणीतरी जिना उतरून गेल्याचा आवाज आला.

"असू दे हो. तेव्हा बोलून गेले मी."

"नाही, मी काय म्हणतो, तू त्याला एकदा समोर बसवून स्पष्ट—"

"भाऊ." तिने मध्येच तोडलं. "जेवा तुम्ही निवांत. आता रोज फोन धरून बसायला नको ना? रविवारी करते मी."

भाऊंनी घट्ट पाणी ओतून दिलं आणि साधं घेतलं. वर्षभरानंतरचा पहिला पेला. गार होता, आणि जिथे जायचं तिथेच गेला. जेवण सात मिनिटांत उरकलं. मग त्यांनी ताट सारून कोरा कागद घेतला आणि समास सोडून वळणदार अक्षरात लिहिलं:

प्रति, मा. विभागप्रमुख, गिळणे विभाग.

विषय: निकाल रद्द करून अर्जदारास नापास करणेबाबत.

महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय कळविण्यात येते की, अर्जदारास भोजनसमयी बोलण्यास दिलेली परवानगी तात्काळ मागे घेण्यात यावी, सदर मनाई तहहयात लागू ठेवावी व तसे अर्जदाराच्या मुलीस दुपारी एकच्या आत लेखी कळवावे, ही विनंती.