गुरुवारचं भाषण

बर्लिनला जाऊन भाषण करणारा आमच्या वस्तीतला पहिला माणूस मी. रेणापूरच्या विहाराच्या भिंतीवर तसं नाव रंगवलंय, येऊन बघा. आणि बर्लिन सोडा, मी विमानात पाऊलसुद्धा टाकलेलं नाही. आता काय शिव्या घालायच्या त्या घाला.

मी रविकांत. लातूरच्या ट्यूशन एरियात एका क्लासमध्ये कॉम्प्युटरचं बघतो. दर रविवारी अकरा हजार पोरं परीक्षा देतात आणि पेपर सुटल्यावर वीस मिनिटांत प्रत्येकाच्या घरी मोबाइलवर मार्क जातात. हे सगळं मी एकट्यानं, फुकट मिळणाऱ्या डेटाबेसवर, दोन जुन्या मशीनींवर उभं केलंय. हा डेटाबेस वापरणारे जगभरातले लोक वर्षातून एकदा जमतात आणि एकमेकांना आपापलं काम सांगतात. मी सहज अर्ज टाकला होता. त्यांचं उत्तर आलं, या, चाळीस मिनिटं बोला, तिकीट आम्ही काढतो.

क्लासचे मालक व्यंकटराव सर म्हणजे महाउतावळा माणूस. दुसऱ्याच दिवशी चौकात माझा फ्लेक्स, मागं विमान. मग वस्ती कशी मागं राहील? विहारात सत्कार ठेवला. माझा बा, ग्यानोबा, तहसील कचेरीत शिपाई होता. जन्मभर त्यानं दुसऱ्यांच्या सत्काराला खुर्च्या मांडल्या. त्या दिवशी त्याला पहिल्या रांगेतल्या खुर्चीत बसवलं, तर अवघडून अगदी कडेला बसला होता. व्हिसा अजून यायचा होता, पण ते विचारतो कोण!

आला तो नकारच. कारण एका ओळीत होतं. तुम्ही मुदतीत मायदेशी परत जाल याची आम्हाला खात्री वाटत नाही. अरे, मी पुण्यात सहा महिने टिकलो नाही, नोकरी सोडून घरी पळून आलो, आणि जर्मनीत राहतोय होय? लई हसलो मी त्या कागदाला. मग चौकातला फ्लेक्स आठवला.

बाला सांगायचं म्हणून तडक घरी गेलो. तो अंगणात बसून मनगटावरचं घड्याळ लावून राहिला होता.

"तिथं साडेतीन तास मागं हाय म्हणं," बा म्हणाला. "तू झोपलेला असताना उगं फोन नको लागाय."

काटा फिरवणाऱ्या त्याच्या बोटांकडं माझं लक्ष गेलं. त्र्याण्णवच्या भूकंपात किल्लारीकडचं आमचं घर बसलं, तेव्हा मी सात वर्षांचा होतो. मी मातीखाली. लोक म्हणाले, मिलिटरी येऊन राहिली, थांब. बा थांबला न्हाई. नऊ तास नुसत्या हातांनी उकरत राहिला. मला वर काढलं तेव्हा त्याच्या बोटांना नखं उरली नव्हती. पुढं आली ती वेडीवाकडीच. ती बोटं बघून मी नकाराचा कागद खिशातच ठेवला.

उद्या सांगू, उद्या सांगू करता करता निघायचा दिवस उगवला. बस स्टँडवर अर्धी वस्ती आली होती. माझी बायको मनिषा रडत होती, माय भामाबाई डब्यात धपाटे देत होती. विमान हैदराबादहून होतं म्हणून हैदराबादला गेलो आणि नामपल्लीच्या एका लॉजवर मुक्काम ठोकला. आठ दिवस काढायचे आणि परत यायचं, एवढं सोपं वाटलं मला. इंटरनेटवरून हॉलचा फोटो काढून बाला पाठवला. तो म्हणे त्यानं दूधवाल्यालासुद्धा दाखवला.

मंगळवारी व्हॉट्सॲपवर फोन केला तर मनिषाचा आवाज बसलेला. "बा कुठाय?" मी विचारलं. "मामा झोपलेत," ती म्हणाली. बुधवारीही झोपलेच होते. खरं सांगतो, मला बरंच वाटलं. बाशी खोटं बोलायची पाळी टळली म्हणून मी पुढं काही विचारलंच न्हाई. असा हलकट माणूस मी.

गुरुवारी भाषण. आपल्याकडचे साडेपाच. त्या वेळी मी लॉजच्या गादीवर पंख्याकडं बघत पडलो होतो. साडेसहाला फोन आला. माय होती.

"झालं का रे भाषण?"

"झालं."

"टाळ्या वाजवल्या का लोकांनी?"

"हाव, लई."

"बरं झालं," माय म्हणाली. "तुझा बा गेला रे काल. आज सकाळी माती दिली. गणपतनं केलं सगळं."

गणपत माझा चुलतभाऊ. मंगळवारी सकाळी बाच्या छातीत कळ आली, लातूरला दवाखान्यात नेलं, बुधवारी दुपारी संपलं. आणि मी सहा-सात तासांवर. मंगळवारी कळलं असतं तर संध्याकाळी त्याच्या उशाशी बसलो असतो.

बॅग उचलली, जिना उतरलो, रस्त्यावर आलो आणि तिथंच थबकलो. बर्लिनहून कोण सहा तासांत येतं? परत वर गेलो. बाप मेलेला माणूस दोन दिवस लॉजवर बसून विमानाचं वेळापत्रक बघत होता, आपण कधी पोचलो तर लोकांना पटेल म्हणून. कुत्रंसुद्धा असं करणार न्हाई.

शनिवारी घरी आलो. मनिषा गळ्यात पडून हुंदके देत म्हणाली, "मी दवाखान्यातूनच फोन लावत होते तुम्हाला. मामांनी माझा हात धरला. म्हणाले, त्याला सांगू नको. भाषण टाकून पळत माघारी येईल तो."

जलदानाच्या दिवशी विहारात बाच्या फोटोपुढं सगळी वस्ती बसली होती. वंदना झाली. कुणीतरी म्हणालं, ग्यानोबाला ऐकायचं होतं ते भाषण, रवी, म्हण की आता त्याच्यापुढं. माना डोलल्या. मी उभा राहिलो. 'माय नेम इज रविकांत, आय कम फ्रॉम रेणापूर.' एवढी एक ओळ बाला पाठ झाली होती, मी घरी तालीम करायचो तेव्हा तो सोबत म्हणायचा. ती मी एकट्यानं म्हटली. मग पुढची चाळीस मिनिटं इंग्रजीत बोललो. एक शब्द कुणाला कळला नसेल, पण एक माणूस हलला न्हाई.

संपल्यावर माय जवळ आली. "हेच बोललास ना तिथं?"

सांगायचं तर तीच वेळ होती. "हाव, माय," मी म्हणालो.

तिनं पदराची गाठ सोडून बाचं घड्याळ माझ्या हातावर ठेवलं. ते अजून साडेतीन तास मागंच चालत होतं.

"आता काटे फिरव," माय म्हणाली. "आलास ना माघारी."

आज वर्ष होत आलं. मला ते फिरवता येईना.