वाढत्या अंगाची सीट

गेणूआप्पांनी पोरांना कधी मापाचे कपडे घेतले नव्हते. त्यांच्या सार्थकचा शाळेचा शर्ट गुडघ्याला लागायचा आणि अंगात बसायला लागेस्तोवर विरून जायचा. त्यामुळं सात महिन्यांच्या नातीसाठी, श्रेयासाठी गाडीतली सीट घ्यायला ते मंचरला गेले, तेव्हा दुकानदारानं बाळाचं वय विचारायच्या आत त्यांनी सगळ्यात मोठ्या सीटवर हात ठेवला. लालभडक, गुबगुबीत, राजाच्या खुर्चीसारखी.

"हीच द्या. लई वर्सं जाईल."

घरात कुणाला पत्ता लागू दिला नाही. रविवारी सार्थकच्या गाडीतून ते आणि कुशाबाई सुनेला आणि नातीला आणायला कळंबहून येडगावला निघाले, तेव्हा खोकं डिकीत चादरीखाली होतं.

हर्षालीच्या माहेरी जेवणं झाली आणि आप्पांनी अंगणात खोकं उघडलं. बघता बघता व्याह्यांचा, सावळारामांचा चेहरा पडला. ते गपचूप उठून घरात निघाले. हर्षालीनं एकदा सासऱ्याकडं, एकदा बापाकडं पाहिलं.

"दादांनी बी सीट आणलीय आप्पा," ती हळूच म्हणाली. "दुकानातनं मला फोन करून, वजन विचारून आणली."

"ऱ्हाऊ दे गं," सावळाराम दारातूनच म्हणाले. "पावण्यांनी एवढ्या हौसेनं आणलीय. माझी करू परत."

हर्षालीनं वाद घातला नाही. तिनं लाल सीट गाडीत ठेवली आणि श्रेयाला अलगद तीत बसवलं. पोर खाली घसरली. खांद्यावर यायचे पट्टे कानांच्या वर राहिले आणि मान एका बाजूला कलली. श्रेयाला मोठी गंमत वाटली, ती बोळक्यानं हसत होती. आप्पांना मात्र हसू येईना. मोठ्या हौसेनं नेलेला आहेर परत हातात यावा तसं त्यांना झालं. पण त्या कललेल्या मानेवरून त्यांची नजर हलत नव्हती.

"व्याही," त्यांनी हाक मारली, "तुमची आणा भाईर."

"अवो, पण..."

"आणा म्हन्तो ना. पोरगी कुनाची हाय? तुमची बी हाय न् आमची बी."

दुसरी सीट आली. लहानशी, करडी, खोलगट. हर्षालीनं ती मागच्या बाकावर उलटी ठेवली.

"आगं, पाठमोरी?" आप्पा म्हणाले. "तिला रस्ता कसा दिसायचा?"

"तिची मान अजून कच्ची हाय आप्पा. ब्रेक दाबला की डोकं पुढं फेकलं जातं. पाठमोरी असली की धक्का समद्या पाठीवर वाटला जातो, सीट तो झेलती."

आप्पांनी मान डोलावली. सार्थकनं सीटवरच्या खुणा बघत गाडीचा पट्टा ओवला, खटका लावला. हर्षालीनं पट्ट्यापाशी धरून हलवलं तर सीट डुगडुगली. सावळारामांनी दोन्ही हातांनी दाबून पाहिलं, पण अंगानं ते काडी. तरीही डुगडुगतच होती.

"सरका," म्हणत आप्पा धोतर सावरून आत शिरले आणि गुडघ्यानं सीट दाबून धरली. "वडा आता!"

सावळारामांनी दुसऱ्या दारातून पट्टा ओढला. दोघांची टाळकी एकमेकांवर आपटली. बाहेर कुशाबाईंना हसू आवरेना, पण त्यांची नजर तेज. "अवो, पट्ट्याला पीळ पडलाय की तिथं!" मग पुन्हा सगळं सोडलं, पट्टा सरळ केला, पुन्हा गुडघा, पुन्हा ओढाओढ. या खेपेला हर्षालीनं हलवलं, तर सीटबरोबर गाडीच हलली.

श्रेयाला बसवलं. पट्टे खांद्याला नीट टेकले. हर्षालीनं ते आवळले आणि चिमटीत धरून पाहिले. चिमटीत ढिला पट्टा काही येईना. "आता बरोबर," ती म्हणाली. घामाघूम झालेले दोन्ही आजोबा पायरीवर शेजारीशेजारी बसून पाणी प्याले.

"तुमची पुढं कामाला येईल की," सावळाराम म्हणाले. "थोडी मोठी झाली की तीच लागायची."

"तवा बसवायला तुमीच या," आप्पा म्हणाले. "टाळकं शाबूत ठिवून."

लाल सीट परत डिकीत गेली. पाठमोऱ्या सीटला जागा हवी म्हणून पुढची खुर्ची सरकवावी लागली आणि तिथं बसलेल्या आप्पांचे गुडघे डॅशबोर्डला टेकले. नारायणगाव गेलं तरी त्यांनी कुरकुर केली नाही. मागून श्रेयाचं हुंकारणं ऐकू येत होतं. मग तेही थांबलं.

"काय झालं गं?" त्यांनी घाबरून विचारलं.

"झोपली," हर्षाली म्हणाली.

"मान कललीय का?"

"न्हाई आप्पा. एकदम झ्याक हाय."

आप्पांनी सार्थकच्या मांडीवर हलकेच थाप मारली. "सावकाश चालव रे," ते कुजबुजले. "घाई न्हाई आपल्याला."