बॅरनबाई आणि कॉम्रेड यांचे रक्त

बॅरनबाई आणि कॉम्रेड ही सख्खी भावंडे. दोन्ही टर्की पक्षी. एकाच आठवड्यात अंड्यातून बाहेर पडलेले, एकाच ट्रकमधून सेगेद शहरात आलेले आणि आमच्या प्रयोगशाळेच्या मागच्या अंगणात शेजारशेजारच्या खुराड्यांत राहणारे. तरीही दोघांचे रक्त एकमेकांशी जुळत नव्हते. भावंडांत हे चालायचेच. पण रोझालिया बेन्चिकचा सगळा प्रबंध या दोघांच्या रक्तावर उभा होता आणि तो लवकरच बुडापेस्टहून येणाऱ्या परीक्षकासमोर मांडायचा होता.

तिचा विषय तसा घरगुती होता. पक्ष्याच्या तांबड्या पेशीला बाहेरून ॲड्रेनालिनने हाक मारली, की पेशीच्या आतले एक विकर जागे होते आणि भराभर निरोप तयार करू लागते. ॲड्रेनालिन स्वतः उंबरा ओलांडत नाही. ते दारावर थाप मारून मोकळे होते, राबतात ते घरातले. आमच्या संस्थेचा कारभारही याच तत्त्वावर चाले, त्यामुळे हा भाग सगळ्यांना चटकन समजला होता.

अडचण अशी, की बॅरनबाईच्या पेशी एका हाकेसरशी कामाला लागत आणि कॉम्रेडच्या पेशी ऐकून न ऐकल्यासारखे करत.

मी शेजारच्या खोलीत कार्प माशांच्या चरबीवर काम करायचो. मी म्हणालो, "कॉम्रेडला सोडून दे. बॅरनबाईवरच प्रबंध लिही. दिसायलाही तीच बरी आहे."

"आणि परीक्षकांनी विचारलं, दुसऱ्या पक्ष्याचं काय झालं?"

"तर त्यांना जेवायला बोलाव. ताटात दाखव."

ती हसली नाही. तिने पेशी फोडून आतल्या विकराला थेट डिवचून पाहिले. दोघांचेही सारख्याच उत्साहाने कामाला लागले. ॲड्रेनालिन एकाच बाटलीतले. म्हणजे हाक मारणाराही ठीक आणि ऐकणाराही ठीक.

"मग मधली भिंत राहिली," ती म्हणाली. "पेशीचा पापुद्रा. तो चरबीचा असतो. तुमचे कार्प थंडीत अंगातली चरबी पातळ करून घेतात, हे तुम्ही रोज जेवताना ऐकवता ना आम्हाला?"

"कोणी ऐकतं हे आजच कळलं."

"चरबी घट्ट असेल तर दारावरचा माणूस आतल्यापर्यंत पोचणार कसा? आणि ती घट्ट का पातळ, हे खाण्यावर ठरतं."

"पण दोघं एकाच पोत्यातलं खातात."

"असं आपण समजतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मागच्या खिडकीत कॉफी घेऊन बसली. मलाही बसवले. आधी आले वेन्देलकाका, आमचे पहारेकरी. डब्यातला डुकराची चरबी फासलेला पाव त्यांनी मोडला, निम्मा स्वतः खाल्ला आणि निम्मा कांद्यासकट कॉम्रेडपुढे टाकला. "खा रे बाबा. राबणाऱ्यानं पोटभर खावं."

ते गेले आणि टाय सारखा करत प्रोफेसर दोरोगी आले. पक्ष्यांना काहीही खाऊ घालू नये, अशी पाटी अंगणात त्यांनीच लावली होती. ते तिच्याखालीच उभे राहिले. कोटाच्या खिशातून त्यांनी सूर्यफुलाच्या बिया काढल्या. एक मूठ बॅरनबाईला, एक स्वतःला. टरफले त्यांनी इतक्या सफाईने थुंकली, की हा माणूस दर रविवारी फुटबॉलच्या मैदानात बिया सोलत स्वस्तातल्या बाकांवर बसतो हे मला तत्क्षणी कळले.

रोझालिया बाहेर गेली. मला वाटले, आता बोलणी बसणार. प्रोफेसरांनाही तसेच वाटले असावे, कारण ते आकाशाकडे बघू लागले.

"थांबू नका," ती म्हणाली. "फक्त अदलाबदल करा. डुकराची चरबी गोठते, बियांचं तेल पातळच राहतं. तुम्ही कॉम्रेडला बिया घाला आणि काका बॅरनबाईला चरबीचा पाव देतील."

वेन्देलकाकांना हे पटायला वेळ लागला. "ह्या बयेला? माझा पाव?"

"काका, शास्त्रासाठी."

"शास्त्रासाठी पाव देतो. कांदा नाही देणार."

प्रबंध शरद ऋतूपर्यंत पुढे ढकलला. उन्हाळाभर संस्थेतला प्रत्येक जण येताजाता खुराड्यांकडे डोकावत होता. जुन्या पेशी गेल्या, नव्या आल्या आणि उत्तरे हळूहळू उलटली. कॉम्रेड हाकेला धावू लागला. बॅरनबाई सुस्तावली.

परीक्षक डॉक्टर हाल्मोश सकाळच्या गाडीने आले. सभागृह भरले होते. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि चष्मा पुसत विचारले, "अदलाबदलीआधी पक्ष्यांना हे बाहेरचं खाणं कोण देत होतं?"

रोझालियाने हातातले कागद सारखे केले.

"बाई, कोणी काय घातलं हे खात्रीनं सांगता येत नसेल, तर तुमचा निम्मा प्रबंध ऐकीव आहे. तो मला बाजूला ठेवावा लागेल."

"पक्ष्यांची जबाबदारी माझी होती," ती म्हणाली. एवढेच. एक नाव घेतले असते तर सुटली असती. आम्हा सगळ्यांना ते नाव ठाऊक होते आणि आम्ही सगळे आपापल्या बुटांकडे बघत होतो.

पहिल्या रांगेत खुर्ची करकरली. प्रोफेसर दोरोगी उभे राहिले होते.

"बिया मी घालत होतो."

"आपण? किती?"

"रोज एक मूठ. ही." त्यांनी मूठ दाखवली.

"कोणत्या उद्देशानं?"

प्रोफेसरांनी प्रामाणिकपणे विचार केला. "ती माझ्याकडे बघायची."

तेवढ्यात मागच्या दारातून आवाज आला. "आणि चरबी माझी! घरची आहे, दुकानातली नाही!"

"नोंद घेतली," हाल्मोश गंभीरपणे म्हणाले. मग रोझालियाकडे वळले. "आता शेवटचं. या सगळ्यातून निघालं काय?"

"हाक तीच होती," ती म्हणाली, "आणि ऐकणाराही तोच. पण ती किती ऐकू जाईल हे मधला पापुद्रा ठरवतो. आपण आजवर त्याला नुसती भिंत समजत होतो. तोही कामावर आहे."

मग डॉक्टर हाल्मोश खुर्चीतून उठले आणि टाळ्या वाजवू लागले. बुडापेस्टचा माणूस सेगेदमध्ये उठून उभा राहतो, तो सहसा गाडीची वेळ झाली म्हणून. त्यांची गाडी संध्याकाळी होती.