धावड्याच्या दांडीची सात नंबर

मित्रांनो, मी एक जुनी गोल्फची काठी आहे. राजूरच्या कोळसा खाणीजवळ एका टिनाच्या छपरीत सध्या माझा मुक्काम आहे. माझं डोकं लोखंडाचं आणि विलायती. त्यावर सात हा आकडा कोरलेला आहे, म्हणून मला सारे 'सात नंबर' म्हणत. दांडी मात्र इथल्याच जंगलातल्या धावड्याची. माझी हकीकत सांगायला बसले खरी, पण ती माझ्यापेक्षा उकंडाचीच जास्त आहे. त्याला वगळून माझ्याजवळ सांगण्यासारखं काही नाही.

गोल्फ हा खेळ तुमच्यातल्या पुष्कळांनी पाहिला नसेल. लिंबाएवढा टणक चेंडू काठीनं लांबून मारत न्यायचा आणि गोट्यांच्या खेळात असते तशा एका गलीत घालायचा. ज्याला सगळ्यांत कमी टोले लागतील तो जिंकला. लांब मारायच्या काठ्या वेगळ्या, जवळ आल्यावर अलगद ढकलायची काठी वेगळी. माझं काम चेंडू उंच उडवून गलीजवळ नेऊन टाकणं. गलीत घालणं माझ्या हाती नव्हतं. हे ध्यानात ठेवा.

खाणीच्या साहेबांनी करमणुकीसाठी पळसाची झुडपं तोडून नऊ गलींचं मैदान केलं होतं. राजूरच्या उन्हात गवत कुठून टिकणार? म्हणून गलीभोवती बारीक रेती पसरत, तिच्यात यंत्रांचं जळकं तेल मुरवत आणि ती दाबून पाटासारखी सपाट करत. त्या काळपट चौकाला 'ब्राऊन' म्हणत. चेंडू ढकलण्याआधी रेतीवरून फळी ओढून वाट सारखी करून घ्यायची. मग चेंडू रुळावरच्या डब्यासारखा सरळ जाई.

मी मोठ्या साहेबांच्या थैलीतून इथं आले. एका उन्हाळ्यात माझा टोला चेंडूऐवजी दगडावर बसला आणि माझी दांडी मोडली. साहेबांनी मला भंगारात फेकलं. खाणीच्या लोहारखान्यात बाबाराव पाझारे घणकाम करत. त्यांनी मला भंगारातून उचललं, धावड्याचं सरळ लाकूड महिनाभर सावलीत वाळवलं, तासलं, तेल पाजलं आणि माझ्या डोक्यात घट्ट बसवलं. मग मला आपल्या मुलाच्या हाती दिलं. तो उकंडा. तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता आणि साहेबांच्या काठ्यांची थैली खांद्यावर घेऊन मैदानभर हिंडत असे.

छप्पन सालच्या दसऱ्याला पाझारे कुटुंब नागपूरला गेलं आणि दीक्षा घेऊन परत आलं. घरातले जुने देव पाण्यात सोडले. दुसऱ्या दिवशी सकाळी पांढरा सदरा घातलेले बाबाराव दारात उभे राहिले.

"उकंडा, आजपासून कोणाची थैली तुह्या खांद्यावर दिसली नाई पाह्यजे."

"मंग मैदानात कसा जाऊ बा?"

"खेळाचं असन तं खेळ. वाहाचं बंद."

त्या दिवशी उकंडानं थैली सोडली आणि लोहारखान्यात भात्यावर काम धरलं. पाळी सुटली की तो मला घेऊन मैदानापलीकडच्या पडीक रानात जाई. एकच काठी, साहेबांचे हरवलेले तीन चेंडू, आणि निशाणाला एक बोरीचं झाड. तो मला कधी आपटत नसे. टोला नीट बसला की दांडीतून एक गोड झिणझिणी त्याच्या मनगटापर्यंत जाई. ती आम्हा दोघांनाच कळत असे.

अठ्ठावन्न साली खाणीच्या वार्षिक कपाला खेळणारे साहेब कमी पडले. हेडक्लार्क पुंडलिकराव मोठ्या मनाचे गृहस्थ. त्यांनी यादीत शेवटी उकंडाचं नाव घातलं. म्हणाले, "मी तं लिहून देतो. साहेबानं खोडलं तं खोडलं." साहेबांनी खोडलं नाही. त्यांना गंमत वाटली. उकंडा माझ्यासोबत दोन उसन्या काठ्या घेऊन अनवाणी खेळला आणि सगळ्या साहेबांपेक्षा नऊ टोल्यांनी पुढं राहिला.

पुढं दोन वर्षं तो नागपूरच्या हौशी स्पर्धेला गेला. हौशी म्हणजे जो आवडीसाठी खेळतो, मोबदल्यासाठी नाही. तिथं एकानं आडवा प्रश्न टाकला, "हा तर थैली वाहणारा. मजुरी घेऊन मैदानावर राबणारा माणूस हौशी कसा?" पुंडलिकराव सोबत होते. त्यांनी दाखला पुढं केला: दोन वर्षांहून अधिक काळ लोहारखान्यात नोकरी. बापाच्या एका शब्दानं उकंडा हौशी ठरला होता. नागपूरचं मैदानही आमच्यासारखंच रेती-तेलाचं. पहिल्या वर्षी तो दुसरा आला, साठ साली पहिला. वर्तमानपत्रात त्याची तसबीर आली. तिच्यात मीही होते, पण त्याच्या कोटाआड अर्धी झाकलेली.

मित्रांनो, ते आमचे सुखाचे दिवस. लोक लोहारखान्यात येऊन मला हात लावून पाहत. पंचफुला, उकंडाची बायको, मला जुन्या लुगड्याच्या चिंधीत गुंडाळून ठेवी. मुलांना सांगे, "हात नका लावू, थे बाबाची हाये."

एकसष्ट साली कलकत्त्याकडच्या एका मोठ्या क्लबाचं पत्र आलं. तिथं व्यावसायिक खेळाडूच्या हाताखाली जागा होती. सभासदांना शिकवायचं, काठ्या दुरुस्त करायच्या आणि व्यावसायिकांच्या मोठ्या स्पर्धांत खेळायचं. पुंडलिकरावांनी कागद दोनदा वाचला.

"उकंडा, नीट आईक. यावर सही केली का तू पेशावाला झाला. मंग आपला कप, नागपूरचा कप, हौशी लोकाईची कोणतीच स्पर्धा तुले खेळता येणार नाई."

"आन् वापस हौशी व्हाचं असन तं?"

"थे यात लिवलं नाई."

बाबाराव भात्याजवळ बसले होते. ते एवढंच बोलले, "खेळ विकला तं मंग खेळशील काय?"

"विकून नाई राह्यलो बा. मोठ्या लोकाईत खेळाले जाऊन राह्यलो."

त्यानं सही केली. मी पाहत होते.

पंचफुला आणि मुलं राजूरलाच राहिली, मी त्याच्यासोबत गेले. कलकत्त्याचं ते मैदान पाहून माझे डोळे दिपले. जिकडंतिकडं गवत. गलीभोवती तर इतकं बारीक कापलेलं की गालिचा वाटावा. क्लबानं उकंडाला नवे बूट आणि पोलादी दांड्यांच्या काठ्या दिल्या, पण थैलीत माझी जागा त्यानं राखली. दिवसभर तो सभासदांना शिकवी. मोठ्या दालनात जायची त्याला परवानगी नव्हती. व्यावसायिकांसाठी मागच्या अंगाला एक खोली होती. स्वतःचा सराव पहाटे, माळी यायच्या आत.

बासष्टच्या जानेवारीत पहिली व्यावसायिक स्पर्धा आली. चार दिवसांचा खेळ, पण दोन दिवसांनंतर मागं पडलेल्यांना घरी पाठवतात. माझे टोले त्या दिवशी असे बसले की बघणारे थबकले. चेंडू गलीपासून दोन-दोन हातांवर जाऊन थांबे. मग उकंडा मला बाजूला ठेवी, ढकलायची काठी घेई, आणि चेंडू गलीच्या कडेनं निसटून जाई. एकदा, दोनदा, दहादा. राजूरच्या रेतीत वाट सरळ असते. इथल्या गवताला चढ होता, उतार होता, सकाळी दंव होतं, दुपारी कोरडेपणा होता. जमिनीचा तो छुपा कल त्याला दिसतच नव्हता. दोन दिवस मी गवतावर पडून प्रत्येक चेंडू पाहिला. ढकलायचं काम माझं नव्हतं.

तिथले बाकीचे खेळाडू काही साहेब नव्हते. तेही थैल्या वाहूनच वर आलेले होते, पण लहानपणापासून त्याच गवतावर. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्यानं उकंडाच्या खांद्यावर हात ठेवला. "बेटा, हाथ तो तेरा सोना है। पर तूने बचपन से घास नहीं पढ़ी।"

उकंडा गवत वाचायला शिकू लागला. पहाटे ओल्या हिरवळीवर पोट टेकून तो उतार पाही. पुढच्या वर्षी तो पुन्हा दोन दिवसांतच बाहेर पडला, तीन टोल्यांनी. त्याच्या पुढच्या वर्षी एका टोल्यानं. त्या एका टोल्यानंतर तो मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसला आणि त्यानं माझ्यावरची माती पुसली नाही. असं पहिल्यांदाच झालं. त्या स्पर्धेनंतर क्लबानं नावाजलेला दुसरा माणूस नेमला. कुणी वाईट बोललं नाही. पोलादी काठ्या परत घेतल्या आणि मला त्याच्याकडे राहू दिलं.

चौसष्टच्या फाल्गुनात आम्ही राजूरला आलो. बाबारावांनी मुलाकडे पाहिलं. "जेवला काय?" एवढंच विचारलं आणि भात्याजवळ त्याच्यासाठी जागा केली.

दोन वर्षांनी खाणीवर नवे साहेब आले. बंद पडलेला कप पुन्हा सुरू झाला, आणि या वेळी तो सगळ्या कामगारांना खुला होता. उकंडानं मला घासून लख्ख केलं आणि नाव द्यायला कचेरीत गेला. पुंडलिकरावांनी लेखणी हातात घेतली आणि तशीच खाली ठेवली.

"उकंडा, दुसरं काई सांग. हे नको सांगू."

"काहून जी?"

"सही तुहीच हाये बाप्पा. हौशी लोकाईचा कप हाये. तू पेशावाला."

"पेशा कुठं राह्यला जी आता?"

पुंडलिकरावांनी खेळाचे नियम ठरवणाऱ्या मोठ्या कचेरीला अर्ज लिहून दिला: या गृहस्थास पुन्हा हौशी समजावे. आठ महिन्यांनी दोन ओळी आल्या. अर्जदाराने व्यवसाय स्वेच्छेने पत्करला असल्याने विनंती मान्य करता येत नाही. पुढल्या वर्षी पुंडलिकरावांनी पुन्हा लिहिलं. त्याचं उत्तरच आलं नाही.

पंचफुला म्हणाली, "रानात एकटेच मारत जा ना जी. चेंडू तं कोणी हिसकला नाई."

"एकट्यानं मारलेला टोला कोण मोजते, पंचफुला?"

सदुसष्टच्या कपाच्या दिवशी तो मला घेऊन दोरीबाहेर उभा राहिला. कचेरीतला एक तरुण कारकून जिंकला. त्याची पकड चुकीची होती. ती पाहताना उकंडाची बोटं माझ्या दांडीवर आपोआप नीट जुळली. मग त्यानं मला काखेत धरलं आणि टाळ्या वाजवल्या. अगदी मनापासून वाजवल्या. घरी आल्यावर त्यानं मला छपरीत टेकवलं. त्यानंतर त्यानं मला हातात घेतलेलं नाही.

आता बाबाराव नाहीत. मैदानाखाली खाण सरकली, जमीन खचू लागली, म्हणून तिथं काटेरी तार ओढली आहे. उकंडा भुईखाली कोळसा फोडतो. माझ्या दांडीला वाळवी लागली आहे. धावडा चिवट असतो, पण बिनवापराचं लाकूड किती तग धरणार?

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी विनवणी करतात की आम्हाला जपा, तेलपाणी करा. मला आता तेलाचा उपयोग नाही. माझं मागणं वेगळं आहे. तुमच्या गावचं कुणी जिंकून मोठ्या ठिकाणी निघालं, की तुम्ही हार घेऊन धावालच. जरूर धावा. पण ते माणूस हरून परत येईल, त्या दिवशीही कुणीतरी जा. आम्ही वणीच्या स्टेशनावर उतरलो तेव्हा फलाटावर आमच्यासाठी कुणी नव्हतं. उकंडा बाकावर दोन गाड्या जाईपर्यंत बसून राहिला. मी त्याच्या गुडघ्याला टेकून होते, आणि मला हात नव्हते.