पार्सिपनीच्या वाटेवर मंदावलेला प्रकाश

"सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही," मनोहरकाकांनी पिठल्याचा वाडगा बाजूला सारत सुरुवात केली. "मला स्वतःलाच वाटत नाही, तर तुम्हाला काय वाटणार!"

अमेरिकेतल्या वेस्ट विंडसर गावच्या पॉटलकला घरून एकेक पदार्थ घेऊन जमलेली मंडळी खुर्च्या ओढून जवळ आली. लेक राधिका मात्र उभीच राहिली. काकांच्या गाडीची किल्ली तिच्या मुठीत होती, आणि या गावात किल्ली गेली की माणूस दुधालाही महाग.

"बाबा, पोलिसाने तुम्हाला हायवेवर थांबवलं ते गाडी फार हळू चालवता म्हणून. वय झालं, दुसरं काय? वयाशिवाय वेगळं कारण असेल तर सांगा, किल्ली आत्ता देते."

खरं कारण काकांना पोलिसाचे लाल-निळे दिवे आरशात दिसले तेव्हाच उमगलं होतं. पण समोर नागपूरहून आलेला बालमित्र कुमार भाकरी मोडत बसला होता. त्याच्यादेखत ते कारण सांगण्यापेक्षा विश्वाचे नियम बदललेले परवडले.

"मंगळवारी पार्सिपनीला निघालो होतो," काका म्हणाले. "समोर आकडा साठ. साठ म्हणजे साठ! तरी ट्रक भोंगे वाजवत पुढे जातायत, स्कूलबस पुढे जातेय. कडेला गवत कापणारा त्याच्या यंत्रावर बसून मला हात करत पुढे गेला! तेव्हा ओळखलं, प्रकाश मंदावला. माझ्या हेडलाइटचा उजेड बॉनेटवरच रेंगाळत होता. हाकलावा लागला."

"काहीही हं, काका!" कांचन हसून म्हणाली. ती प्रिन्स्टनला संशोधन करायची.

"काहीही कसं? नव्वदेक वर्षांपूर्वी एका बड्या शास्त्रज्ञाने शंका काढलीच होती ना, की विश्व म्हातारं होईल तसं गुरुत्वाकर्षण ढिलं पडत जातं?"

"काढली होती. मग चंद्रावर आरसे ठेवून, लेसर मारून मोजलं. ढिलं पडलेलं काही सापडलं नाही."

"चंद्रावर शोधून कसं सापडेल? आणि त्या लांबवरच्या तेजस्वी क्वेसारांचं काय? अब्जावधी वर्षांपूर्वीचा उजेड तपासून काही जण म्हणालेच की, निसर्गाचा एक स्थिरांक किंचित हललाय."

"बाकीचे म्हणाले, नाही हलला. आफ्रिकेत जमिनीखाली दोन अब्ज वर्षांपूर्वी आपोआप पेटलेली अणुभट्टी सापडली, तिची राखही तेच सांगते. तेव्हाही नियम हेच होते."

"दोन अब्ज वर्षं हेच होते," काका शांतपणे म्हणाले. "मंगळवारी बदलले."

मंडळी खो खो हसली. राधिकाने किल्ली पर्समध्ये टाकली आणि पर्सची चेन ओढली.

तेवढ्यात कुमार भाकरीचा तुकडा हातातच धरून म्हणाला, "पण काय बे मन्या, रविवारी मला एअरपोर्टवरून आणलं तेव्हा तर गाडी भन्नाट पळत होती! शंभर! तूच म्हणाला, अमेरिकेत सगळं मैलात, म्हणजे आपले एकशे साठ. मी फोटो काढून अख्ख्या नागपूरला पाठवला ना!"

"शंभर मैल?" राधिका वळली. "बाबा जन्मात पासष्टच्या वर गेलेले नाहीत. बघू तो फोटो."

"जुना फोटो आहे," काका घाईने म्हणाले. "पिठलं घे, कुमार."

राधिकाने कुमारच्या फोनवर बोटांनी फोटो मोठा केला. शंभराच्या खाली बारीक अक्षरं होती. ती वाचून तिने पर्सची चेन उघडली आणि किल्ली काकांच्या ताटाशेजारी ठेवली.

"वय नाही झालं. फुशारकी झालीय! कुमारकाकांना शंभर दाखवायला गाडीचा वेगाचा आकडा किलोमीटरवर टाकला, आणि परत मैलांवर आणायला विसरलात! मंगळवारचे साठ म्हणजे जेमतेम सदतीस मैल!"

काकांनी किल्ली झटकन खिशात घातली. कुमारने हातातली भाकरी ताटात ठेवली.

"म्हणजे मन्या, ते मैल नव्हते? साल्या, खोटं बोलला तू!"